तहवाले सर आणि मुंबईकराचा खटला

लढाई एका तासात उरकायची आणि तहाला पंधरवडा घ्यायचा, अशी आमच्या इतिहासाच्या सरांची पद्धत होती. महाडच्या कॉलेजात त्यांना सगळे ‘तहवाले सर’ म्हणत, तोंडावर सोडून. आमच्या वर्गात गडाच्या पायथ्याची मुलं होती. हिरकणीवाडीचा एक जण सुट्टीत पर्यटकांना गड दाखवायचा आणि लढाई अशी सांगायचा की ऐकणाऱ्याचा हात कमरेच्या तलवारीकडे जावा. त्याला सरांचा तास म्हणजे शिक्षा वाटे. एकदा त्याने तोंडावरच विचारलं, सर, तुम्ही रक्त सांडायच्या आतच कागद का काढता? सर हसले. म्हणाले, “मारून मिळवलेल्याची गोष्ट सांगायला तू आहेस ना. बसून मिळवलेल्याची मी सांगतो.”

त्यातही त्यांचा जीव एका विषयावर. जपान, चीन, सयाम, तुर्कस्तान या देशांत गोऱ्या व्यापाऱ्यांनी एक सवलत घेऊन ठेवली होती. गोऱ्याने तिथे गुन्हा केला तर तिथलं कोर्ट त्याला हात लावू शकत नसे. खटला चालायचा त्याच्याच वकिलातीत, त्याच्याच माणसापुढे. सर म्हणत, “पाय तुमच्या मातीत आणि कायदा माझ्या खिशात.” हे वाक्य ते इतक्यांदा म्हणायचे की मागच्या बाकावरची मुलं त्यांच्याबरोबर ओठ हलवायची. मग ही सवलत या देशांनी बोलणी करकरून कशी काढून घेतली, कुणी किती वर्षं घासाघीस केली, कोणतं कलम कशाच्या बदल्यात सोडलं, हे सांगताना सरांना घंटा ऐकू येत नसे.

मी उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, आणि हे मी आजही मान वर करून सांगते. वर्गात मी फारशी बोलायची नाही, कारण बोलले की ‘हाय’ आणि ‘नाय’ बाहेर पडायचं. पण त्या दिवशी राहवलं नाही. उभी राहिले आणि म्हणाले, “सर, ह्ये आमच्या वाडीत अजून हाय.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. खडू ठेवला, पहिल्या बाकावर येऊन बसले आणि म्हणाले, सांग.

मी सांगितलं. आमची अर्धी वाडी मुंबईत. त्यांचं तिथे मंडळ आहे. देवळाचं छप्पर मंडळाचं, नळाची टाकी मंडळाची, भजनाचा माईकसुद्धा मंडळाचा. त्यामुळे जुना रिवाज पडलेला, की मुंबईकराचा खटला मुंबईत. गावात राहणाऱ्याने गावकीपुढे, म्हणजे गावच्या पंचांपुढे यायचं, पण चाकरमानी गावकीपुढे बसणार नाही. त्याच्यावर तक्रार असेल तर मंडळाच्या भांडुपच्या खोलीत जायचं.

आणि तक्रार माझ्या आईची होती. माझा चुलतकाका सुरेश मुंबईला नोकरीला. त्याने वाडीत स्लॅबचं घर बांधलं आणि भोवती तारेचं कुंपण घातलं. पाणवठ्याची वाट त्या कुंपणात गेली. आईला म्हशी घेऊन कड्याच्या बाजूने वळसा घालावा लागे. वडील गेल्यापासून घर त्या दुधावर चाललेलं, माझं कॉलेजसुद्धा, आणि पावसाळ्यात ती वाट म्हणजे म्हशीचा पाय मोडायला निमित्त. आई गावकीकडे गेली, त्यांनी मुंबईकडे बोट दाखवलं. ती भांडुपला गेली. त्यांनी चहा दिला, वहिनी वहिनी केलं आणि पुढच्या मीटिंगला बघू म्हणून एसटीत बसवून दिलं. ती पुढची मीटिंग काही आली नाही.

काही दिवसांनी मी सरांना फुशारकीने बातमी दिली. गावकीने सुरेशकाकाचं घर वाळीत टाकलं होतं. त्याची म्हातारी आई तिथे एकटी राहायची. तिच्याशी कुणी बोलायचं नाही, तिच्या घरी हळदीकुंकवाला जायचं नाही. मला वाटलं सर शाबासकी देतील. ते इतके चिडले की मी दोन पावलं मागे सरले.

“त्यांच्या वकिलाचं काम तुम्ही फुकटात केलंत,” ते म्हणाले. “गोरे तरी काय म्हणत होते? यांचं कोर्ट रानटी आहे, आमची माणसं यांच्या हाती कशी देऊ? आता सुरेश तेच म्हणेल आणि ते खरं असेल.” मग जरा शांत होऊन विचारलं, “तुझी आई गावकीत बसते का?”

“नाय सर. बायका भिंतीआड असतात. विचारलं तर आतून बोलायचं.”

“मग सुरेशच्या आईनं तुमच्यापुढे का यावं?”



पुढच्या रविवारी सर पोलादपूरहून मिळेल त्या जीपने आणि पुढे चालत आमच्या वाडीत आले. माझ्या आईकडे यायच्या आधी ते सुरेशकाकाच्या आईकडे गेले. ही त्यांची खोड; दुसरी बाजू आधी. तिच्याकडे चहा पिऊन मग गावकीचे म्होरके सोनूबाबा यांच्या ओटीवर बसले. सोनूबाबांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे सरांचं बोलणं साऱ्या वाडीने ऐकलं. म्हातारीला वाळीत टाकणं आज कायद्याने गुन्हा आहे, ते आधी मागे घ्या. बायकांना पुढे बसवा. निकाल लिहा आणि सगळ्यांदेखत वाचा.

सोनूबाबा म्हणाले, “म्हंजे आमीच वाकायचं?”

सरांनी त्यांना सयामच्या राजाची गोष्ट सांगितली. गोऱ्यांची कोर्टं काढायची म्हणून त्याने आधी आपले कायदे नव्याने लिहून घेतले. “राजा वाकला नाही बाबा. त्यानं आधी आपलं घर झाडलं. मग पाहुण्याला सांगितलं, आता चपला बाहेर काढ.”

सोनूबाबांना चपलांचं पटलं. म्हातारीवरचा बहिष्कार त्याच आठवड्यात उठला. पहिल्यांदा बायका पुढे बसल्या तेव्हा त्या एवढ्या अवघडल्या होत्या की पहिला तास पदर सावरण्यातच गेला.

खरी बोलणी शिमग्याला झाली. तेव्हाच मुंबई सगळी वाडीत असते. देवळापुढे सतरंजी घातली, एका बाजूला मंडळ, दुसऱ्या बाजूला गावकी. गावकीच्या वतीने बोलायला सरांनी सोनूबाबांना पुढे बसवलं. मला ते मुळीच पटलं नाही. शिकलेली मी तिथे असताना ऐकू न येणारा म्हातारा पुढे! सर मागे शेंगा सोलत बसले.

मंडळाचे अध्यक्ष ठसक्यात म्हणाले की रिवाज मोडलात तर देवळाच्या सभामंडपाचं काम आम्ही थांबवू. सोनूबाबांनी कानाला हात लावला, “काय?” अध्यक्षांनी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून. “काय म्हंतोस रे?” धमकी तिसऱ्यांदा देताना माणसाला स्वतःलाच ती जरा हलकी वाटू लागते. अध्यक्षांनी पाणी मागितलं. तुर्कस्तानची बोलणी करणारा माणूस असाच कमी ऐकायचा आणि समोरच्यांना घाम फोडायचा, हे सरांनी मला नंतर सांगितलं. “बाबांचे कान मी आल्या दिवशीच हेरले होते,” म्हणाले.

सर दिवसभरात एकदाच बोलले. सुरेशकाकाला विचारलं, कुंपण का घातलंत?

 काका माझ्या आईकडे वळून म्हणाला, “वैनी, गेल्या साली तुझ्या म्हशीनं आईला पाडली. तिचा हात मोडला. ती तुला बोलली नाय, मला बोलली. ही हितं एकटी ऱ्हाते गो. आणि मंडळात मला कुनी इचारलंच नाय, का घातलंस म्हनून. सगळे म्हनाले, तू आपला मानूस, घाबरू नको.”

हात मोडलेला आईला ठाऊक होता, पण तो आपल्या म्हशीमुळे, हे ठाऊकच नव्हतं. ती उठली आणि म्हातारीजवळ जाऊन बसली.

संध्याकाळपर्यंत ठरलं. वाडीतला खटला वाडीत, मग तो कुणाचाही असो. पहिली तीन वर्षं पंचांत मंडळाचा एक माणूस बसेल, विश्वास बसला की उठेल. सुरेशकाकाने बांधाच्या कडेने म्हशींना वाट सोडली, अंगणाची बाजू बंदच राहिली. मंडळाचा माणूस दोनच वर्षं आला. तिसऱ्या वर्षी त्याने निरोप धाडला, तुमचं तुम्ही बघा.

निवृत्त झाल्यावर सरांनी आमच्या वाडीच्या कडेला जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या. पहिल्याच पावसात त्यांच्या पन्हळीचं पाणी खालच्या बारकाआजीच्या नाचणीत घुसलं आणि रोपं वाहून गेली. बारकाआजी बोलली नाही, गावकी बोलली नाही. सरांना कोण काय बोलणार? ते कळल्यावर सर माझ्या मागे लागले, की माझ्यावर तक्रार का नाही? मी म्हटलं, सर, तुम्ही आमचे सर. त्यांना ते मुळीच आवडलं नाही. ते स्वतःच पुढच्या बैठकीला गेले आणि ज्याच्यावर तक्रार असते तो जिथे बसतो, तिथे खाली बसले.

तोवर आई पंचांत बसू लागली होती. निकाल तिलाच सांगावा लागला. “सर, पन्हळ वढ्याकडं फिरवा. आनि बारकाआजीची रोपं पुन्यांदा लावून द्या. तुमी सोता.” सर म्हणाले, मान्य. साठी उलटलेला तो माणूस दुसऱ्या दिवशी चिखलात वाकून रोपं लावत होता आणि बारकाआजी बांधावर बसून त्यांना शिव्या घालत होती, कारण ते फार जवळजवळ लावत होते.

आईला मात्र ते लागलं. संध्याकाळी ती भाकरी-भाजी घेऊन त्यांच्याकडे गेली, मी बरोबर होते. दारातच म्हणाली, “माझ्या पोरीला शिकवलंत तुमी, आनि मी तुमाला खाली बशिवलं.”

सर पाय धूत होते. म्हणाले, “वहिनी, पाहुण्याला कुणी खाली बसवतं का? आज मी या वाडीचा झालो.”

ते साल त्यांचं शेवटचं ठरलं. दिवाळीनंतर सर झोपेतच गेले. पुढच्या पावसात मी वाडीत गेले तेव्हा त्यांच्या घराला कुलूप होतं. पाणी पन्हळीतून ओढ्यात पडत होतं आणि खाली बारकाआजीची नाचणी कमरेएवढी झाली होती.