दहा-एकची बातमी घेऊन गेलेले देवीडॉक्टर

भारताच्या फुटबॉल संघाची सगळ्यात जास्त काळजी वाहणारा माणूस कलकत्त्यात नव्हता, मुंबईत नव्हता, तो आमच्या सिंदेवाहीत राहत होता, हे मी आजही कोणासमोर छातीठोकपणे सांगायला तयार आहे. या माणसाने भारताचा एकही सामना डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. पाहण्याची शक्यताही नव्हती. जनपद सभेच्या आरोग्य खात्यात ते देवी टोचणारे म्हणून नोकरीला होते आणि त्यांचा सगळा जन्म लशीच्या नळ्या थर्मासात घालून, सायकल हाणत, रानातली गावं पालथी घालण्यात गेला. गावोगावचे लोक त्यांना देवीडॉक्टर म्हणत. मी त्याच खात्यात कारकून. टोचलेल्यांची नावं लिहायला बरेचदा त्यांच्याबरोबर जायचो आणि त्यांना भाऊ म्हणायचो. ते मला बाबू म्हणत. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला शेवटपर्यंत खात्री नव्हती. पण लंडनच्या ऑलिंपिकात फ्रान्सविरुद्ध आपण दोन पेनल्टी कशा वाया घालवल्या, ते त्यांनी झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं.

तरुणपणी ते कामठीच्या छावणीत राहिलेले. तिथे पलटणीतल्या गोऱ्यांविरुद्ध अनवाणी फुटबॉल खेळले आणि गुडघा मोडून घेऊन आमच्या झाडीपट्टीत आले. गुडघा आला तसा फुटबॉलही आला. सायकलच्या दांडीला थर्मास आणि मागे जाळीत चेंडू, असा त्यांचा थाट असे. गावात शिरल्यावर ते कधी "टोचायला आलो" म्हणत नसत. आधी चेंडू खाली टाकत. चेंडूमागे माणसं यायची, माणसांमागे बाया यायच्या, आणि सगळे जमले की भाऊ सावलीत बसून सामना सांगायला सुरुवात करत. समोरच्याचा दंड हातात घेतलेला असे. टोचायचं ते गिरमिटासारखं फिरवायचं हत्यार होतं, ते चांगलंच दुखायचं. पण दिल्लीच्या एशियाडचा अंतिम सामना, समोर इराण, अजून गोल नाही, चेंडू आपल्या पोराच्या पायात आला, आला, आला... आणि "गोल!" म्हणेपर्यंत दंडावर दोन खुणा झालेल्या असत. दिल्लीच्या त्या एका गोलावर भाऊंनी निदान तीन हजार माणसं टोचली असतील.

घरातले सगळे हिशेबही संघावरून चालत. मोठी मुलगी लंडनच्या वर्षी झाली. पन्नास साली ब्राझीलच्या वर्ल्ड कपचं बोलावणं आलं आणि आपला संघ गेला नाही, म्हणून ते वर्ष घरात "न गेल्याचं साल" होतं. का गेला नाही, याची कारणं प्रत्येक पेपरात वेगळी. भाऊंना एकही पटलं नाही. "बोलावणं आल्यावर माणूस मयतीले जाते, बाबू," ते म्हणाले, "अन् हे खेळाले गेले नाईत!" त्या आठवड्यात त्यांनी कोणाच्याच घरच्या जेवणाचं आमंत्रण स्वीकारलं नाही. वहिनी मला म्हणाल्या, "यायले समजवा जी. ब्राझीलनं का आपल्या घरी पत्रिका धाडली होती का?"

सरकारी कागदही या व्याधीतून सुटले नाहीत. चौपन्न साली मनिलाच्या एशियाडमध्ये आपण गटातच गारद झालो. भाऊ तेव्हा महिन्याचं पत्रक भरत होते. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहून टाकलं, 'मनिला : पहिल्याच फेरीत बाहेर.' आठ दिवसांनी चांद्याहून जिल्ह्याच्या साहेबांचा खलिता आला : 'मनिला येथील काम पहिल्याच फेरीत का थांबले? पुन्हा भेट देऊन सविस्तर अहवाल सादर करावा.' मी घाबरलो. भाऊ मात्र खलिता वाचून खूश झाले. "साहेबाले निदान काळजी तं आहे," म्हणाले.

पण त्यांच्याबद्दल सांगायचं ते बावन्न सालचं. एरवी देवीची साथ उन्हाळ्यात यायची आणि पावसाबरोबर जायची. त्या वर्षी ती रेंगाळली. ताडोब्याच्या रानाकडेला गोंडांची एक छोटी वस्ती होती. तिच्या शेजारच्या बाजारगावात दोन माणसं देवीने गेली होती. वस्तीत जवळजवळ कोणालाच टोचलेलं नव्हतं. आम्ही जुलैच्या सुरुवातीला तिथे गेलो तेव्हा गावाचे पाटील, साठीकडे झुकलेले, बोटभर दाढीचे गृहस्थ, आम्हाला नीट बसायला देऊन ठामपणे नाही म्हणाले. दोन वर्षांपूर्वी दुसरा कोणी टोचणारा येऊन "काही होत नाही" असं सांगून पाचसहा जणांना टोचून गेला होता. त्या सगळ्यांना ताप आला, हात सुजले, आणि माता कोपली असं गावाने ठरवून टाकलं. आता सुई नको.

भाऊंनी चेंडू टाकला. पुरुष तासभर चिखलात मनसोक्त खेळले. पाटीलही एकदा लाथ मारून गेले. पण दंड कोणी पुढे केला नाही. निघताना भाऊंनी सहज सांगितलं, की आपला संघ ऑलिंपिकला हेलसिंकीला गेला आहे आणि पहिलाच सामना युगोस्लाव्हियाशी आहे. ते नाव त्या गावच्या जिभेवर बसेना. त्याचं 'गोसाई' झालं. पाटील हसून म्हणाले, "असं करू, डॉक्टर. आपले पोट्टे गोसायाले हरवतीन, तं भाताचा रोवणा टाकून अख्खं गाव हात पुढं करन."

पाटील थट्टेत बोलले होते. भाऊंनी तो करार मानला. परतीच्या वाटेवर ते सायकल हातात धरून चालत होते आणि चार वेळा म्हणाले, "इराणले हरवलं ना आपण? मंग?"

पेपर नागपूरहून छोट्या गाडीने येई, तोही शिळा. आमच्या स्टेशनमास्तरांकडे तो पहिल्यांदा उघडला जायचा. त्या दिवशी भाऊ गाडीच्या दोन तास आधीपासून फलाटावर बसले होते. पेपर हातात आला, त्यांनी मागचं पान काढलं, वाचलं, घडी घातली आणि पेपर मांडीवर ठेवून समोरच्या रुळांकडे पाहत बसले. मी घडी उघडून पाहिली. युगोस्लाव्हिया दहा, भारत एक.

मी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हटलं, "भाऊ, त्या गावात पेपर जात नाही."

"नाई जात."

"रेडिओ नाही."

"नाई."

"आपण जिंकलो म्हणून सांगा. लस परवापर्यंतच टिकेल. बाजारगावातली साथ तिकडे सरकते आहे. माणसं वाचतील, भाऊ."

त्यांनी माझ्या हातातला पेपर परत घेतला. मग म्हणाले, "बाबू, एक-दोन गोलाचा मामला असता तं इचार केला असता. दहा गोल मी कुठी लपवू?"

मला त्यांचा राग आला. खरंच आला. माणसांच्या जिवाशी गाठ असताना हा मनुष्य गोल मोजत बसला आहे, असं मला वाटलं. रस्ताभर मी त्यांच्याशी बोललो नाही. नाल्याला कमरेएवढं पाणी होतं. भाऊंनी थर्मास डोक्यावर घेतला आणि दुखऱ्या गुडघ्याने चाचपत पलीकडे गेले. चेंडू त्यांनी त्या दिवशी आणलाच नव्हता.

वस्तीतले लोक भाताच्या बांधीत, म्हणजे पाणी साठवलेल्या शेतात होते, रोवणी चालू होती. आम्हाला पाहून पाटील चिखलातून वर आले, मागोमाग दहापंधरा माणसं आली. भाऊंनी टोपी काढली. कोणाच्या दारावर समाचाराला गेल्यासारखे ते उभे राहिले आणि म्हणाले, "हारलो जी, पाटील."

"कितीनं?"

"त्यायचे दहा."

"दहा?" पाटलांनी दोन्ही हातांची बोटं वर केली. "अन् आपले?"

"एक."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. भाऊ हसले नाहीत. पाटलांची म्हातारी आई शेताच्या मेरेवर बसली होती, तिने विचारलं, "पोट्ट्यायले लागलं-गिगलं तं नाई ना?"

"नाई, बाई. पण थंडी बहोत होती म्हणते. अन् आपले बरेचसे उघड्या पायानं खेळले."

"आ बाई! मंग पाय गारठले असतीन त्यायचे," म्हातारी म्हणाली. ती खरंच कळवळली होती. त्या दहा गोलांनंतर आपल्या संघाच्या पायांची विचारपूस देशात आणखी कोणी केली असेल असं मला वाटत नाही.

पाटील मात्र विचारात पडले होते. "डॉक्टर, तुमी जिंकलो म्हणले असते, तं आमाले काय समजलं असतं?"

"काई नाई."

"मंग काऊन नाई म्हणले?"

भाऊ गोंधळले. "पण हारले ना जी ते," एवढंच ते म्हणाले.

पाटील त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारलं, "सुईनं ताप येते का?"

"येते. दोन-तीन दिवस येते. हात सुजते. खाजते. खपली धरते, मंग पडते. डाग राह्यते जनमभर."

"अन् देवी?"

"टोचल्यावर बहुतेक येत नाई. आली तं हलकी येते."

"मागचा म्हणे काईच होत नाई," पाटील म्हणाले. त्यांनी बांधीच्या पाण्यात दंड धुतला आणि भाऊंपुढे केला. "घ्या. तुमाले खोटं बोलता येत नाई."

मी वही उघडली. दुपारपर्यंत बहुतेक सगळं गाव टोचून झालं. त्या दिवशी भाऊंनी एकही सामना सांगितला नाही. नुसतं "दुखन हां, दुखन" असं म्हणत काम करत राहिले. दोन घरं आली नाहीत. त्यांची शेतं टेकडीपलीकडे होती. भाऊ दुखरा गुडघा घेऊन तिथपर्यंत गेले, हाका मारल्या, पण माणसं झाडीत निघून गेली होती. लस खराब होईपर्यंत ते तिथे बसून राहिले असते. मीच त्यांना उठवून आणलं.

साथ त्या वस्तीत आली. एक बाई गेली. ती टेकडीपलीकडच्या घरातली होती. बाकी गावाला काही झालं नाही. खात्याच्या दृष्टीने ते मोठं यश होतं, साहेबांनी शाबासकीचं पत्रही पाठवलं. भाऊंनी ते वाचून माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "एक कमी पडला, बाबू." पुढे किती तरी वर्षं कोणी हेलसिंकीचा विषय काढला, की ते दहा-एक म्हणत आणि उठून जात. लोकांना वाटायचं, हरल्याचं दुःख. मला टेकडीपलीकडचं ते घर आठवायचं.

छप्पन साल मात्र आमच्याकडे दिवाळीसारखं गेलं. मेलबर्नच्या ऑलिंपिकात आपण ऑस्ट्रेलियाला चार-दोन हरवलं. भात गिरणीच्या मालकांकडे रेडिओ होता. भाऊ बातम्यांच्या वेळी तिथे खांबाला टेकून उभे असत, बसत नसत, बसलं की आपला संघ ढिला पडतो म्हणून. उपांत्य सामन्यात पुन्हा गोसाईच आडवा आला. पहिला गोल आपण केला आणि शेवटी एक-चारने हरलो. पुढे बल्गेरियाकडूनही हरलो आणि चौथे आलो. मी सांत्वन करायला गेलो तर भाऊ सायकलला तेल घालत होते. "दहाचे चार झाले, बाबू! दहाचे चार! अन् चौथा म्हणजे जगात चौथा, तालुक्यात नाई." ते पाटलांना सांगायला निघाले होते. संध्याकाळी परतले तेव्हा सायकलला मोहाच्या सुकवलेल्या फुलांची पुरचुंडी लटकत होती. पाटलांनी सगळं ऐकून घेतलं होतं आणि म्हणाले होते, "सहा गोल वाचवले म्हणजे पोट्टे सुधरून राह्यले."

पेन्शनीला थोडे महिने उरले असताना नागपूरला एक मैत्रीचा सामना ठरला आणि त्यात मेलबर्नला राखीव म्हणून गेलेला एक खेळाडू खेळणार असल्याचं पेपरात आलं. मी भाऊंना जबरदस्तीने गाडीत बसवलं. पाहिलेला सामना साधाच होता. तो खेळाडूही आता जरा स्थूल झाला होता. खेळ संपल्यावर तो तंबूबाहेर चहा पीत उभा होता. मी भाऊंना पुढे ढकललं. वाटेत त्यांनी विचारायचे सतरा प्रश्न मला म्हणून दाखवले होते. त्यातला एकही त्यांच्या तोंडून बाहेर पडला नाही. त्यांनी त्या माणसाच्या उघड्या दंडाकडे पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "दो निशान. अच्छा टोचा है."

तो हसला. "कहाँ से आए हो, चाचा?"

"सिंदेवाही."

"ये कहाँ पड़ता है?"

भाऊंनी मग फार मन लावून सांगितलं : नागभीडवरून चांद्याला जाणारी छोटी लाईन, मध्ये रान, रानानंतर भाताच्या बांध्या, तळं, आणि तळ्याच्या अलीकडे स्टेशन. त्या भल्या माणसाने सगळं ऐकून घेतलं. कप खाली ठेवून म्हणाला, "सिंदेवाही. याद रखूँगा."

परतीच्या गाडीत भाऊ खिडकीशी बसले होते. नागभीड येईपर्यंत बाहेरच पाहत राहिले. मला वाटलं, प्रश्न राहून गेले म्हणून हिरमुसले असतील. पण तसं नव्हतं. पुढच्या वर्षी ते मुलीकडे बालाघाटला राहायला गेले. काही दिवस पत्रं आली, मग यायची थांबली. आज त्यांची आठवण निघाली की मला त्या डब्यातला त्यांचा चेहरा दिसतो. नागभीडहून गाडी हलली तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता, आणि शेजारचे लोक ऐकतील म्हणून की काय, अगदी हळू म्हणाले होते, "बाबू, टीमले आता आपलं गाव माहीत झालं."