साबणाची वडी

शाळेच्या अंगणात बाईंनी माझ्या मुलीची कॉलर उलटी केली आणि सगळ्यांना दाखवली.

"बघा. अशी काळी. याला आई जबाबदार."

स्वच्छ विद्यार्थ्यांना बक्षिसं द्यायचा कार्यक्रम होता. पाहुणे म्हणून शेठ आले होते. आमच्या पाड्यामागच्या माळावर टायर वितळवून तेल काढायचा कारखाना आहे, त्याचे मालक. मुरबाडहून आणलेला हार त्यांच्या गळ्यात. त्यांच्या माणसाने खोकं उघडलं. पाड्यावरच्या प्रत्येक मुलाच्या हातात साबणाची एकेक वडी. फक्त पाड्यावरच्या. गावातल्या मुलांना वह्या.

"यांच्या अंगाला पाणी लागत नाय वाटतं," मागून कुणीतरी बोललं. सगळे हसले. शेठही.

माझी मुलगी चौथीत. वडी घेऊन ती माझ्याकडे आली नाही. लांबच उभी राहिली. तिला माझी लाज वाटली.

तो शर्ट मी आदल्याच दिवशी धुतला होता. दगडावर आपटून. रात्रभर दोरीवर होता.

घरी येऊन दोरीवरून बोट फिरवलं. काळं. तरी मी कुणाचं नाव घेतलं नाही. खात्री केल्याशिवाय कुणावर आळ घ्यायचा नाही, ही माझी रीत. आमचीही चूल आहे, धूर तिचाही असतो. म्हणून एका जुन्या धोतराची दोन फडकी केली. एकाच साबणाने धुतली. एक आमच्या दोरीवर टाकलं. दुसरं कारखान्यापासून लांब, डोळखांबला, बहिणीच्या अंगणात. तिच्याकडेही चूलच.

आठवड्याने ती आपलं फडकं घेऊन आली. आमचं बघितलं.

"अगो, यानं तवा पुसलास का काय?"

"नाय. नुसतं वाऱ्यावर ठेवलं."

आत मुलगी झोपली होती. तिच्या छातीतली घरघर ओटीवर ऐकू येत होती. डॉक्टरांनी धुरापासून लांब ठेवा म्हटल्यावर मी चूल परसात नेली होती. घरघर गेली नव्हती.

"शर्ट धुशील," बहीण म्हणाली. "छाती कशी धुशील?"

ग्रामसभेला दोन्ही फडकी घेऊन गेले. पाड्यावरच्या आणखी काही आया सोबत होत्या. शेठ सरपंचांच्या शेजारी खुर्चीवर. आम्ही खाली सतरंजीवर. मी उठले. फडकी वर धरली. कुठलं कुठे टांगलं होतं ते सांगितलं.

शेठ हसले. "ताई, चूल तुम्ही पेटवायची आणि नाव माझं?"

"बहिणीकडं पण चूलच हाय."

"मग धुण्यात फरक असेल."

"दोन्ही मीच धुतली, शेठ. एकाच साबणानं."

आता ते हसले नाहीत. सरपंच म्हणाले, "पुढच्या सभेला बघू. खाली बस गो."

मी बसले नाही. पिशवीतून शाळेत मिळालेली वडी काढली. कागदही फाडला नव्हता. टेबलावर ठेवली.

"ही तुमची. धुराड्याला लावा."

मागून एकेक आई उठली. एकेक वडी टेबलावर आली.

ठराव झाला नाही. धुराडं चालू आहे.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या कुंपणाच्या तारेला एक पांढरं फडकं बांधलं. बाईंनी ते काढून टाकलं. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळ्याजणींनी बांधली.

"शाळेची शोभा जाते," बाई म्हणाल्या.

"जाऊ दे. पोरांच्या छातीत काय जातंय ते दिसू दे."

काळी झालेली फडकी आम्ही काढत नाही. शेजारी नवी बांधतो. आमच्या फडक्याची गाठ आता माझी मुलगी मारते. खोकत मारते.

तिचा शर्ट मी रोज धुते. कुंपणावरचं एकही फडकं धुणार नाही. बांधलेलं फडकं ज्या दिवशी पांढरंच राहील, त्या दिवशी कुंपण मोकळं करू. त्याआधी नाही.