मामीची तीन बोटं

सकाळचा चहा गाळत होते, तेव्हा उदगीरहून मामांचा फोन आला. "पोरी, तुझी मामी गेली... झोपेतच गेली." एवढंच. नांदेडहून निघाले तेव्हा रस्ताभर तिचं बोलणंच कानात होतं. मामी तोंडाची लई तिखट. भांड्यांचं दुकान मामांचं, पण गिऱ्हाईक घाबरायचं मामीला. फार घासाघीस केली की म्हणायची, "पातेलं न्यायचंय का दुकान?" आता तिला जाऊन महिना होत आला. लोक तिच्या हाताच्या चवीबद्दल बोलतात, तोंडाबद्दल बोलतात. मला मात्र लातूरच्या दवाखान्यातली एक सकाळ सांगायचीय.

दोन वर्षांपूर्वी मामी न्हाणीत घसरून पडली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन लातूरला ठरलं. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी आम्हाला आधीच बसवून सांगितलं, की या वयात भुलीनंतर काहीजण गोंधळतात, घरची माणसं ओळखत नाहीत. बहुतेकांचं ठीक होतं, पण सगळ्यांचं होतंच असं नाही. मामीला काळजी वेगळीच. घराणं लिंगायत, त्यामुळं गळ्यातलं इष्टलिंग अंगावेगळं करायला ती तयार नव्हती. डॉक्टरबाईंनी ते निर्जंतुक कापडात गुंडाळून दंडाला बांधू दिलं, तेव्हा कुठं मामी आत गेली.

ऑपरेशन नीट झालं. पण शुद्धीवर आली ती माहेरच्या, बिदरकडच्या कानडीत बोलत. मला तिनं आपली थोरली बहीण समजलं. मामा पुढं झाले तर दचकली. "इंव यारु?" म्हणजे हा कोण? मग मराठीत, "ह्या म्हाताऱ्याला भायेर काढा." मामा बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. त्यांना असं मान खाली घालून बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "ती वळखंना मला," म्हणाले. "आन् अशीच ऱ्हायली तर?" दुसऱ्या दिवशीही तेच.

मग एका सकाळी तिनं डावा तळहात पुढं केला आणि तसाच धरून ठेवला. आम्हाला कळेना, मामांना कळलं. त्यांनी इष्टलिंग तिच्या तळहातावर ठेवलं, विभूती जवळ सरकवली आणि मागं झाले. तिनं रोजच्यासारखी पूजा केली, काहीही न चुकता. मग उजव्या हाताची तीन बोटं विभूतीला लावून म्हणाली, "वाका." मामा वाकले. दुकानात जाण्याआधी रोज तीच त्यांच्या कपाळावर तीन पट्टे ओढायची. कपाळाच्या मधोमध मामांना जुन्या अपघाताचा वण आहे. जखम ओली होती तेव्हा मधलं बोट तिथं आलं की ती ते उचलायची आणि पलीकडं टेकवायची. जखम कधीच भरली, सवय राहिली, म्हणून मामांची मधली रेघ कायम तुटलेली असायची. त्या सकाळीही बोट वणापाशी आलं, उचललं गेलं, पलीकडं टेकलं... आणि मग तिनं परक्या नजरेनं विचारलं, "तुमी कोन?"

नवरा कोण हे ठाऊक नाही, पण त्याला कुठं दुखलं होतं हे बोटांना ठाऊक. डॉक्टरबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "नावं-चेहरे मेंदू एकीकडं ठेवतो, हाताच्या सवयी दुसरीकडं. सगळं एकदम जागं होत नाही. का, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही." मामा मात्र त्या दिवसापासून बाकावर बसले नाहीत. "वळखील," म्हणायचे. आणि आठवडाभरात मामी एकदम म्हणाली, "अहो, दाढी का न्हाई केली?" मामा ढसाढसा रडले. ते दिवस तिला पुढं कधीच आठवले नाहीत. सांगितलं की म्हणायची, "चेष्टा करायलीस का? मी आन् ह्यांना इसरीन?"

मातीच्या दिवशी तिला लिंगायत रीतीप्रमाणे बसतं केलं होतं, डाव्या तळहातावर इष्टलिंग, भोवती बेलाची पानं. उचलायच्या आधी मामा पुढं आले. त्यांनी तिचा उजवा हात हातात घेतला, तीन बोटं विभूतीला लावली आणि वाकून आपलं कपाळ त्या बोटांखालून नेलं. मामा उभे राहिले तेव्हा मी पाहिलं... मधली रेघ सलग उमटली होती.