बिशपांच्या वाटणीची राख

शेजारी कोणी शिंदीचा जुना झाडू जाळला, की मला कळमनुरीजवळच्या आमच्या गावातला तो राखेचा बुधवार आठवतो.

बिशपांना आमच्या कबरस्तानाची जागा शाळेसाठी हवी होती. आम्ही ती सोडेना, म्हणून त्यांनी फादरला पाठवणंच बंद केलं. चर्चला कुलूप लागलं. तरी त्या सकाळी सगळे जमले आणि गेल्या झावळ्यांच्या रविवारची जपून ठेवलेली शिंदीची पानं बंद दारापुढं जाळली. कडवट धूर डोळ्यांत गेला. उपासाच्या पहिल्या दिवशी ही राख कपाळाला दरवर्षी फादरच लावायचे; आता लावायची कोणी?

"फादर न्हाई, तर एकमेकाला लावा," प्रार्थना चालवणारे माझे बाबा म्हणाले.

आईनं मला लावली. माझा धाकटा भाऊ त्याच कबरस्तानात पुरलेला होता. "तू माती आहेस, मातीलाच मिळशील," म्हणत तिनं माझ्या कपाळावर बोटानं क्रूस ओढला.

शेवटी बाबांनी चिमूटभर राख कुलपाखाली उंबऱ्यावर ठेवली.

"ही कोणाची, बाबा?"

"बिशपसाहेबांची. त्यायलाबी मातीतच जायचंय, लेकरा."

मला तो टोमणा वाटला होता. आज कबरस्तानावर शाळा आहे, आणि बाबा कालव्याकाठच्या पडीक जमिनीत, फादरविना पुरलेले. त्यांनी बिशपांना आपल्यातलंच धरलं होतं, हे आता कळतं. बिशपांच्या वाटणीची राख मी अजून दरवर्षी काढते. माझा मात्र टोमणाच असतो.