सोनूमावशीचे तीस आणि वरचे सहा

शहापूरच्या बाजारपेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी आणि शाळेचे ग्रुप फोटो यांवर घर चालतं. १९९८ च्या दिवाळीनंतर एका दुपारी सापगावची एक बाई दुकानात आली. पन्नाशीच्या आतबाहेरची, हातात फडक्याचं गाठोडं. ते तिने इतक्या जपून काउंटरवर ठेवलं, की मला वाटलं अंडी विकायला आलीय.

गाठोडं सोडलं तर आत साधा रोलचा कॅमेरा.

"ह्याच्यातलं काढून दे, बाबा," ती बोलली. "भरलाय. आता दाबला तर दाबत नाय."

ही सोनूबाई दोंदे. तिचा नवरा काळू कसाऱ्याला रेल्वेत गँगमन होता, आणि एकुलती एक मुलगी श्वेता, ठाण्याला नर्सिंग शिकलेली, सव्वा महिन्यापूर्वीच मस्कतच्या एका हॉस्पिटलात नोकरीला गेली होती. जाताना तिच्यापुढे एक अडचण होती. आईला सहीपुरती अक्षरं यायची. बाप लिहू शकायचा, पण त्याचं पत्र एका ओळीत संपायचं: 'इकडे सर्व ठीक, काळजी नसावी.' फोनवरही तेच, "बरं हाय." एवढ्यावर परदेशात दिवस कसे काढायचे? म्हणून तिने आईला हा कॅमेरा आणून दिला आणि सांगितलं, "आई, रोज एक फोटो काढ. कशाचापण. महिन्याचा रोल भरला की शहापूरला धुवायला दे आणि मला पाठव. तेच तुझं पत्र."

रंगीत रोल तेव्हा आम्ही कल्याणच्या लॅबला पाठवायचो. तीन दिवसांनी फोटो आले आणि मला हसू आवरेना. छत्तीसपैकी एकोणीस फोटोंत मावशीचा अंगठा. उरलेल्यांत सापगावची माणसं हात खाली सोडून, मान ताठ करून, पोलीस भरतीला उभी राहिल्यासारखी. एका फोटोत काळूकाका पायात बूट घालून खाटेवर बसलेला.

"हे अंगठ्याचे काढून टाकू का?" मी विचारलं.

"का म्हून? मोजून छत्तीस दिवस हायत. सगले धाड."

मी प्रत्येक फोटोच्या मागे तारीख लिहिली, पाकीट केलं आणि रजिस्टर पोस्टाने मस्कतला पाठवलं.

माझ्या शेजारीच एसटीडीचा बूथ होता. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी श्वेताचा तिथे फोन यायचा आणि मावशी सकाळपासून येऊन माझ्या दुकानात बसायची. फोटो पोचल्यानंतरचा पहिला फोन मला चांगला आठवतो, कारण मावशी फोनवर मोठ्याने बोलायची आणि बूथचं दार तिला कोंदट वाटतं म्हणून उघडंच असायचं.

"काय बोलतेस? अंगठा आवडला? येडी झालीस का गो?"

मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. बाहेर आल्यावर आपला अंगठा उलटसुलट करून बघत होती. त्यावर विळ्याने कापल्याची जुनी आडवी खूण होती. "तिला ही दिसली," एवढंच बोलली. मग म्हणाली, "पन बाकीचे नाय आवडले तिला. बोलते, आई, ह्या मानसांना कशाला उभं केलंस? चूल पेटवताना काढ. ओढ्यावर काढ. बाबांना झोपलेलं काढ."

मी तिला बोट कुठे ठेवायचं ते शिकवलं, उन्हाकडे पाठ करायला शिकवलं. पण तिची खरी पंचाईत वेगळीच होती. सापगावात कॅमेरा आला म्हटल्यावर कुणालाच रोजच्या अवतारात फोटो नको होता. गिरजा ही तिची शेजारीण आणि शेतातली जोडीदारीण. तिच्याकडे कॅमेरा वळवला की ती ओरडायची, "थांब गो, धुतलेलं लुगडं नेसून येते!" आणि अर्ध्या तासाने नाकात नथ घालून यायची, ती शेणाची पाटी उचलायला.

शेवटी मावशीने तोड काढली. महिन्याचे दिवस तीस आणि रोलात फोटो छत्तीस. तिने गावाला सांगून टाकलं, "तीस माझे. ते मी कवापन, कसेपन काढीन, कोन काय बोलायचं नाय. वरचे सहा तुमचे. त्याच्यात तुमी नवरदेव होऊन उभे ऱ्हा."

झालं. वरच्या सहांना नंबर लागायला लागले. कुणाला बारशाचा हवा, कुणाला नव्या सायकलीसोबत. एप्रिलमध्ये जयंतीला सहांची ओढाताण एवढी झाली की विहारात बैठक बसली आणि लहान पोरांचा मिळून एकच काढायचा असं ठरलं. पण त्या सहांच्या बदल्यात गावाने तीस सोडून दिले. हळूहळू कॅमेऱ्याकडे कुणी बघेनासं झालं.

आणि फोटो काय यायला लागले! चुलीवर फुंकर घालताना गिरजाचे फुगलेले गाल. तांदूळ पाखडताना उडालेला कोंडा आणि त्याच्यामागे अर्धी दिसणारी कोंबडी. दाढी करताना जीभ आतून गालाला लावलेला काळूकाका. मी धंदा करणारा माणूस, मला लॅबमधून आलेली पाकिटं उघडायची घाई कधी नसायची. सोनूमावशीचं मात्र मी कल्याणहून येताना गाडीतच उघडायचो.

तिकडे मस्कतच्या हॉस्टेलमध्ये श्वेताच्या खोलीत तीन मल्याळी मुली होत्या. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण फोटो कळत होते. मावशीची म्हैस काजळी गाभण होती आणि तिचं पोट दर महिन्याला फोटोत वाढत होतं. एका शुक्रवारी श्वेताने फोनवर सांगितलं, "आई, लिसी विचारते काजळी व्याली का? पाकीट उशिरा आलं तर ह्या माझ्याशी भांडतात." लिसी ही तिची सगळ्यात जवळची मैत्रीण. मावशी दुकानात येऊन मला बोलली, "बघ नवसू, माझ्या म्हशीची चौकशी दर्यापार." काजळीला रेडी झाली त्या दिवशीचा फोटो मी मुद्दाम दोन प्रतींत काढायला लावला.

अशी पावणेदोन वर्षं गेली. मग २००० सालच्या जुलैत, ऐन लावणीत, मावशी शेताच्या बांधावरून घसरली आणि उजव्या पायाचं हाड मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. मला कळलं तसा मी सायकल काढून सापगावला गेलो. मावशी ओटीवर खाटेवर पडून होती, कॅमेरा उशाला.

"श्वेताला कळवलंत?" मी विचारलं.

"खबरदार!" ती खाटेवरून गरजली. "ती तिथं रडत बसंल, नायतर नोकरी सोडून येईल. तू कायपन बोलायचं नाय. ह्यांना पन सांगितलंय."

काळूकाकाने मान हलवली. त्याच्या हाताला पीठ लागलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो भाकऱ्या थापत होता.

"पण फोनचं काय?"

"ते जातील. सांगतील, सोनीला लावणीतून टाइम नाय."

"आणि फोटो?"

त्याचाच तर तिला घोर होता. रोज एक फोटो चुकवायचा नाही, आणि खाटेवरून जे दिसतं तेवढंच तिच्या हाती. मग गावानेच तिला मदत करायची ठरवली. ज्यांनी दीड वर्षापूर्वी नथ घातल्याशिवाय फोटो दिला नव्हता, ते आता तिच्या ओटीपुढे रोजचं जगणं करून दाखवायला लागले. धर्मा नावाचा शेजारी गाभोळी भरलेले खेकडे घेऊन आला आणि जणू आत्ताच पकडले असे अंगणात सोडून पुन्हा पकडत बसला. काजळीला आणून ओटीला टेकवली. पुढच्या खेपेला मी गेलो त्या दिवशी तर गिरजा भाताच्या रोपांच्या मुठी घेऊन, डोक्यावर इरलं घालून, अंगणातल्या चिखलात वाकून लावणी करत होती.

"खरी वाटते का?" वाकलेल्या अवस्थेतच तिने मला विचारलं.

"एकदम," मी म्हणालो. आणि मला खरोखरच तसं वाटलं. एवढी वर्षं मी कॅमेऱ्यामागे उभा आहे, पण त्या रोलाचे फोटो आले तेव्हा मला त्यांत काही वावगं दिसलं नाही. काळूकाकाचा भाकरी थापतानाचा एकही फोटो मावशीने काढला नव्हता, तेवढी काळजी तिने घेतली होती. मी तारखा लिहिल्या, पाकीट टाकलं.

ऑगस्टच्या मध्यावर, शुक्रवार नसताना, बूथवाला मला हाका मारत आला. श्वेताचा फोन. तिला माझ्याशीच बोलायचं होतं.

"नवसूदादा, आईला काय झालंय?"

"काही नाही गं, लावणीत..."

"गिरजाकाकी आमच्या अंगणात लावणी करते? मागे आमच्या न्हाणीचा कूड दिसतोय."

मी बूथचं दार ओढून घेतलं.

"दादा, आधी माझ्यापण लक्षात आलं नव्हतं. लिसीने सगळे फोटो चादरीवर मांडले आणि बोलली, ही बाई पडून फोटो काढते. सगळ्यांच्या हनुवट्या खालून दिसतात. वरती छपराची एकच कड, प्रत्येक फोटोत. आमच्या वॉर्डातल्या पेशंटला जग असंच दिसतं. खरं सांगा, आई उठते ना?"

मग मी सगळं सांगितलं. पाय मोडला, हाड नीट बसलंय, प्लास्टर निघायला तीन दिवस राहिलेत, भाकऱ्या काका करतात. शेवटचं ऐकून ती रडता रडता हसली. "बाबा? भाकऱ्या?" मग एकदम नर्सच्या आवाजात म्हणाली, "प्लास्टरचा फोटो पाहिजे मला. आणि बाबांचा. आणि आईला सांगा, पुन्हा खोटा फोटो धाडला तर मी पुढच्या विमानाने येते."

मी तसाच सापगावला गेलो. मावशीने निरोप ऐकला आणि पहिल्यांदा माझ्यावर चिडली, मग गिरजावर.

"तुला बोललेली मी, न्हाणीसमोर वाकू नको!"

"माझी कंबर मोडली वाकून, आणि वर माझंच चुकलं!" गिरजा म्हणाली. "तुझीच लेक हुशार, त्याला मी काय करू?"

हे ऐकून काळूकाका चुलीपुढे बसल्या बसल्या हसायला लागला आणि मावशीने उशाचा कॅमेरा उचलून तसाच त्याचा फोटो काढला. हातात भारताच्या नकाशासारखी भाकरी, तोंड उघडं. दुसऱ्या दिवशी प्लास्टरचा काढला. त्या पायाशेजारी बसायला एवढी माणसं आली की पाय शोधावा लागतो. लावणीच्या नाटकात ज्यांनी ज्यांनी काम केलं होतं ते सगळे त्यात होते.

त्यानंतर मावशीने काही लपवलं नाही. ताप आला तर औषधाच्या बाटलीचा फोटो, काळूकाकाशी भांडण झालं तर त्याच्या पाठीचा.

२००२ मध्ये श्वेता परत आली आणि तिला ठाण्यात नोकरी लागली. केरळला जाताना लिसी तिच्यासोबत तीन दिवस सापगावला राहिली. गल्लीतून जाताना ती माणसांना नावानिशी हाका मारत होती. धर्माला तर तिने खेकड्यांचं विचारलं, आणि तो बिचारा खरोखरचे पकडायला नदीवर धावला.

लेक आठवड्याला घरी यायला लागली, तेव्हा मावशीने कॅमेरा फडक्यात बांधून ठेवला. मला वाटलं संपलं. महिन्यातल्या ज्या सोमवारी ती रोल घेऊन यायची, त्या सोमवारी काहीतरी कमी झालं, हे कबूल करायला हवं. पण पंधरा दिवस झाले असतील, ती दुकानाच्या पायरीवर हजर.

"नवसू, रोल दे."

"आता कुणाला पाठवायचे?"

"कोनाला नाय." ती बाकावर टेकली. "गिरजाच्या पडवीला नवीन पत्रे टाकलेत. आठ दिवस झाले. आनि मला काल दिसले, बोल! फोटो काढायचा असला म्हंजे मी बघते. नायतर नुसती जाते-येते."

तेव्हापासून ते फोटो तिच्याकडेच राहतात. संध्याकाळी ज्याला वाटेल तो येऊन बघतो. वरचे सहा अजून गावाचे आहेत.

गेल्या वर्षी रोल मिळणं कठीण झालं. श्वेताने आईला डिजिटल कॅमेरा आणून दिला आणि मी तो वापरायला शिकवला. नको असलेला फोटो पुसता येतो, हेही दाखवलं. हे तिला अजिबात पटलं नाही. "दिवस काय पुसायचा असतो?" म्हणाली, आणि ते बटण कुठे आहे हे विसरूनही गेली.

या सोमवारी तिने आणलेलं कार्ड मी कॉम्प्युटरला लावलं. अकराव्या फोटोत एक माणूस काउंटरवर डोकं टाकून झोपलेला, तोंड उघडं, गालाखाली पासपोर्ट फोटोंचं पाकीट. तो मी होतो.

"हा कधी काढलात?"

"गुरवारी. दुपारी आलेली. तू घोरत व्हतास, म्हून परत गेली."

"मावशी, एवढा एक नको."

"तीसातला हाय," ती बोलली. "मोठा काढ."

मी मोठा काढून दिला.