आत्याच्या नजरेला न दिसणारा फरक

माझी आत्या एका लहान दवाखान्याच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं शौचाचे नमुने तपासते आहे. "आज काय बघितलंस?" असं घरी कुणी विचारलं की ती म्हणते, "आधी जेवून घ्या, मग सांगते." मायक्रोस्कोपवर तिचा हात आणि डोळा इतका बसलाय की तिथले लोक तिला 'दुर्बीण' म्हणतात.

जवळच्या कारखान्याच्या कँटीनमधल्या सगळ्यांची दर तीन महिन्यांनी तपासणी होते. तिथल्या स्वयंपाकीणबाईंच्या नमुन्यात आत्याला दोनदा अमीबाचे कोश, म्हणजे कवचातले सुप्त अमीबा, सापडले होते. दोन्ही वेळा बाईंनी गोळ्या घेतल्या, आठवडाभर तोंड कडू करून घेतलं. तिसऱ्यांदाही तेच दिसलं. मॅनेजरने शुक्रवारपर्यंतची मुदत दिली: रिपोर्ट चांगला आला नाही तर कामावरून कमी.

"ताई, माझं पोट दगडसुद्धा पचवेल," बाई आत्याला म्हणाल्या. "एक दिवस दुखलं असेल तर शपथ!"

ते आत्याच्या डोक्यातून जाईना. रात्री जेवताना तिने मला विचारलं. मी शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत जनुकीय चाचण्या करतो.

"आत्या, त्या अमीबाचा हुबेहूब जुळा भाऊ आहे," मी म्हणालो. "हिस्टोलिटिका आतडं पोखरतो, आव पाडतो. डिस्पार नुसता राहतो, काही करत नाही. कोश दोघांचे सारखेच. जनुकं तपासल्याशिवाय कळत नाही."

"आणि मी सगळ्यांना हिस्टोलिटिका लिहीत आले. डोळे फुटले माझे!"

"तुझेच काय, हा फरक कुणाच्याच डोळ्यांना दिसत नाही."

सोमवारी तिने नमुना पाठवला. मंगळवारी मी चाचणी लावली, तर काहीच उमटलं नाही. चाचणी नीट झाली हे सांगणारी खूणसुद्धा नाही. मी फोन केला.

"डबीत काय घातलंस?"

"फॉर्मालिन. नेहमीसारखं. डबी हातात आली की आधी फॉर्मालिन, मग नाव."

कोश टिकावेत म्हणून घातलेल्या फॉर्मालिननेच जनुकांची वाट लावली होती.

"शिकलेल्या माणसाने आधी सांगायला नको?" आत्या कडाडली. चूक माझीच होती. तिची ही सवय मला लहानपणापासून माहीत होती.

बुधवारी सकाळी ती रिकामी डबी घेऊन स्वतः बाईंच्या घरी गेली.

"परत? ताई, आता रोजचाच रतीब लावू का?" बाई म्हणाल्या, पण डबी घेऊन आत गेल्या.

या वेळी फॉर्मालिन नाही, फक्त बर्फ. बर्फाची पेटी मांडीवर धरून आत्या दीड तास बसमधून आली. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, "आइस्क्रीम का?" तिने होकारार्थी मान डोलावली.

गुरुवारी दुपारी निकाल आला. डिस्पार आहे, हिस्टोलिटिका नाही. खात्रीसाठी मी चाचणी पुन्हा केली. तेच आलं.

शुक्रवारी आत्याने रिपोर्ट मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. त्याने तो उलटसुलट पाहिला. "पण अमीबा आहेच ना?"

"आहे. त्रास देणारा नाही. असला पाहुणा तुमच्याही पोटात असू शकतो. डबी देऊ?"

मॅनेजरने दवाखान्याच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी तेच सांगितलं आणि यावर गोळ्याही लागत नाहीत म्हणाले. मग मॅनेजरने बाईंना कामावर ठेवायच्या कागदावर सही केली. बाई तोवर दाराशी उभ्याच होत्या. "भाजी करपेल," असं म्हणून त्या तिथूनच कँटीनकडे धावल्या.

घरी मला वाटलं, आत्या खूश असेल. पण तसं नव्हतं.

"त्या कँटीनमधल्या दोघींची याआधी नोकरी गेली," ती म्हणाली. "माझ्याच रिपोर्टवर. त्यांच्या पोटात कोणता होता रे?"

ते नमुने केव्हाच टाकून दिले होते. आता कळायला मार्ग नव्हता आणि मी तसं सांगितलं.

सोमवारी तिने रिपोर्टच्या छापील कागदावर एक ओळ वाढवून घेतली: 'हिस्टोलिटिका किंवा डिस्पार, मायक्रोस्कोपखाली फरक ओळखता येत नाही.' डॉक्टर कुरकुरले की पेशंट गोंधळतील.

"गोंधळू देत," आत्या म्हणाली. "गोंधळले तर विचारतील तरी."