दिनकरचं विसरणं

गोळ्यांची पट्टी हातात धरून तिच्याकडे अनोळखी नजरेने बघत राहिलेला माणूस पाहिला, की मला दिनकर आठवतो. सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या खिडकीमागे मी तेव्हा बसायचे. दिनकर रंगारी होता. पूर्वी गर्द ओढायचा. गोळी कधी घ्यायची, हे तीनदा सांगूनही त्याने पुन्हा विचारलं आणि मी खेकसले, "आजही ओढून आलायस ना?"

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या.

"नाही मॅडम, सोडून सात महिने झाले," तो हळूच म्हणाला. "डोक्यात काही राहतच नाही."

डॉक्टर म्हणाले, तो खरंच बोलतोय. आजार आणि नशा, दोन्हींनी त्याची स्मरणशक्ती पोखरली आहे. विसरणाऱ्याला आपण किती चटकन बेफिकीर ठरवतो!

पुढच्या महिन्यात तो आला तेव्हा मी म्हटलं, "दिनकरभाऊ, मागच्या वेळी मी फार लागेल असं बोलले. माफ करा."

तो गोंधळून हसला. "कधी? तुम्ही तर नेहमी चांगलंच बोलता."

मला चक्क हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज अजून जात नाही.